नाताळची भेट आणि शेजाऱ्याचे हात

(कारंजा लाड येथील धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूनें मागील वर्षांचा आढावा घ्यावा, ही रूढ रीति आहे. तो आढावा या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. म्हणून आम्ही आज मागें न पाहतां पुढें, येत्या नाताळाकडे, पाहूं इच्छितों. विषय दिसावयास अगदीं लहान आहे. नाताळांत आप्तेष्टांस भेट कोणती द्यावी, आणि ती कोठून आणावी? डिसेंबर लागतांच हा प्रश्न घरोघरीं निघतो, आणि बहुधा बाजारांतील एखाद्या चकचकीत खोक्यापाशीं येऊन संपतो. आमचें म्हणणें असें कीं, तो तेथें संपूं नये. भेट ही जितकी देणाऱ्याची व घेणाऱ्याची, तितकीच ती घडविणाऱ्याचीही असते. हा तिसरा माणूस आपण विसरलों, तर आपली भेट अपुरी राहते. हेंच एक सूत्र आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम भेटीच्या रीतीचें मूळ पाहूं. पहिल्या नाताळच्या भेटी आपणां सर्वांस पाठ आहेत. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनीं सोनें, ऊद आणि गंधरस आणिला. ऊद आणि गंधरस हे कांहीं राजवाड्यांत तयार होणारे पदार्थ नव्हेत. अरबस्तानच्या दक्षिण भागांत व समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जीं खुरटीं झाडें उगवतात, त्यांच्या सालीला चीर पाडावयाची, चीक पाझरून वाळेपर्यंत थांबावयाचें, आणि मग ते खडे खरवडून गोळा करावयाचे, असा तो उद्योग आहे. म्हणजे बेथलेहेमच्या गव्हाणीपाशीं त्या थोर पुरुषांच्या मागोमाग उन्हांत राबणाऱ्या अनामिक मजुरांचे हातही पोंचले होते. त्याही आधीं बाळ येशूला मिळालेली पहिली भेट म्हणजे मातेनें त्याला ज्यांत गुंडाळलें तीं बाळंतीं. तें वस्त्रही कोणीतरी कांतलें होतें, कोणीतरी विणलें होतें.

गुपचूप भेट ठेवण्याची रीति ज्यांच्या नांवाशीं जोडली गेली आहे, ते संत निकोलस चौथ्या शतकांतील महागुरुस्वामी होते. त्यांचें मायरा हें शहर आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, आजच्या तुर्कस्तानांत होतें. १०८७ सालीं त्यांच्या अस्थि इटलीच्या दक्षिणेकडील बारी या बंदरांत नेण्यांत आल्या. परंपरा अशी कीं, हुंड्यावांचून ज्यांचीं लग्नें अडलीं होतीं अशा तीन बहिणींच्या घरांत त्यांनीं रात्रीं सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्यांनीं घेणाऱ्याची गरज पाहिली आणि स्वतःचें नांव झांकून ठेविलें. भेटीचा हा कित्ता आपणांपुढें आहे.

समुद्रकांठच्या जुन्या शहरांनीं पुढें ही रीति आपापल्या परीनें जोपासली. दक्षिण इटलींतील नेपल्स या प्राचीन बंदराचेंच उदाहरण घ्या. संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं ग्रेचो या गांवीं गव्हाणीचा देखावा उभा केला. १८ व्या शतकांत नेपल्सच्या कारागिरांनीं ती कला कळसास नेली. तेथील सान ग्रेगोरिओ आर्मेनो नांवाच्या गल्लींत आजही अशा मूर्ति घडविणाऱ्यांचीं दुकानें ओळीनें आहेत. त्या देखाव्यांत बाळ येशूच्या भोंवतीं पाववाला, मासेवाला, धोबीण, अशीं नेपल्सच्या रस्त्यांतलींच माणसें उभीं केलेलीं असतात. प्रभु आमच्याच आळींत जन्मला, हें सांगण्याची ती एक रीति आहे.

आपल्या देशांत गोमंतकाकडे वळूं. तांदुळाचें पीठ, नारळाचें दूध व गूळ आटवून केलेलें दोदोल, थरावर थर भाजून सिद्ध केलेला बेबिंका आणि नेवऱ्या, यांनीं भरलेलें ताट नाताळांत शेजारीं जातें. शेजारी कोणत्या धर्माचा हें तेथें पाहत नाहींत. पुढें चवथीस किंवा दिवाळीस त्या घरून ताट परत येतें. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तेव्हां कारंजेकरांस तिचें निराळें कौतुक सांगावयास नको. वसईकडे पहा. १५३४ पासून १७३९ पर्यंत तेथें पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि त्यांचा कोट अजून उभा आहे. त्या भागांतील बागाईतदार राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून सुकेळीं करतात. त्यांत साखर नाहीं, फळाचाच गोडवा. आणि वेंगुर्ल्याच्या बंदरामागच्या सावंतवाडींत पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचीं खेळणीं होतात, हुबेहूब फळें होतात, आणि हातानें रंगविलेल्या वाटोळ्या गंजिफा होतात. दशावतारी गंजिफेच्या एका संचांत १२० पानें असतात. ही कला लोपण्याच्या बेतांत असतां सावंतवाडीच्या राजघराण्यानें, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं, चितारी मंडळींस राजवाड्यांत बसवून तिला पुन्हा उभें केलें.

या चारही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. भेटीसाठीं कोणी दूरदेशीं धांवलें नाहीं. पायाखालीं माती होती, परसांत नारळ होता, बागेंत केळ होती, बांधावर पांगारा होता; त्यालाच माणसाचा हात लागला आणि त्याची भेट झाली.

आतां प्रश्न आपल्या गांवाचा. वऱ्हाडाला समुद्र नाहीं. काळ्या मातीचाच समुद्र आहे. मग कारंज्यानें नाताळांत काय द्यावें?

हातच्या वस्तूंचा वारसा कारंज्यास नवा नाहीं. डिसेंबर १६७० मध्यें, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, मराठ्यांच्या फौजेनें ही संपन्न पेठ लुटली, तेव्हां हातीं आलेल्या मालांत सोन्यारुप्याबरोबर तलम कापडही होतें, आणि तो सर्व माल चार हजार बैल व गाढवें यांवर लादून नेला, असें इतिहासकार यदुनाथ सरकार यांनीं लिहिलें आहे. ज्या पेठेचें कापड सोन्याच्या पंक्तीस बसत होतें, त्या पेठेचे आपण रहिवासी आहों.

दुसरें उदाहरण आमच्या जैन बांधवांचें. येथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखितें विद्वानांत प्रसिद्ध आहेत. श्रावकानें लेखनिकाकडून ग्रंथाची प्रत उतरवून घ्यावी आणि ती मुनींस किंवा मंदिरास अर्पण करावी, यास शास्त्रदान म्हणतात. अशाच हस्तलिखितांच्या साहाय्यानें प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं पुष्पदंत कवीचें ‘णायकुमारचरिउ’ हें अपभ्रंश काव्य संपादिलें, आणि तें १९३३ सालीं कारंज्याहून प्रसिद्ध झालें. पण आम्हांस येथें विशेष सांगावयाचें तें हें कीं, अशा पोथ्यांच्या शेवटीं देणाऱ्याच्या नांवाबरोबर पुष्कळदां लिहिणाऱ्याचेंही नांव नोंदलेलें असतें. शेंकडों वर्षांनीं पोथी उघडणाऱ्याला दाता भेटतो, तसाच लेखनिकही भेटतो. भेट देणाऱ्यानें घडविणाऱ्याला कसें स्मरावें, याचा धडा आपल्याच गांवांत असा लिहून ठेविलेला आहे.

मग हा वारसा क्षीण कां झाला? मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, जिला लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत, ती आपल्या गांवावरून जात असे. ती घातली होती मुख्यतः कापसासाठीं. कापूस गांठी बांधून बाहेर गेला, आणि कापड होऊन चढ्या भावानें परत आला. कांतणाराची, विणणाराची, रंगाऱ्याची मजुरी बाहेरच्या बाहेर राहिली. आपल्या वांट्यास पेरणी, निंदणी, वेंचणी आणि सावकाराची वही एवढेंच आलें. ती गाडी आतां थांबली आहे. हा व्यवहार मात्र थांबला नाहीं. ज्या विदर्भांत कर्जापायीं कित्येक कास्तकारांनीं प्राण दिले, तेथें नाताळच्या खरेदीचा विचार केवळ हौसेचा विचार राहूं शकत नाहीं. आपण मूठभर कुटुंबें आहों हें खरें. आपल्या खरेदीनें बाजार फिरणार नाहीं. पण एका बुरुडाच्या, एका सुताराच्या घरची चूल त्या महिन्यांत निश्चित पेटेल.

या प्रश्नाचा सखोल विचार वर्ध्यास बसून एका ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञानें केला, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ सालीं तंजावरास झाला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याच्या कार्याची धुरा त्यांनीं वाहिली. ३० डिसेंबर १९३८ रोजीं, म्हणजे नाताळच्याच सप्ताहांत, महात्मा गांधींच्या हस्तें वर्ध्याचें मगन संग्रहालय उघडलें. ग्रामोद्योगाचीं साधनें व वस्तु तेथें आजही पाहावयास मिळतात. कुमारप्पांच्या शिकवणीचें सार असें कीं, वस्तु विकत घेणारा मनुष्य ती ज्या रीतीनें तयार झाली त्या रीतीच्या पापपुण्याचा वांटेकरी होतो. आपण पैसे टाकले आणि मोकळे झालों, असें होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष भेटींकडे येऊं. आम्ही कांहीं सुचवितों. आपण त्यांत भर घालावी.

घरांत नवें बाळ असेल, तर त्यास गोधडी द्यावी. धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांचे थर लावून ती शिवणाऱ्या वृद्ध भगिनी अजून आपल्या आळींत आहेत. बाळंत्यांत गुंडाळलेल्या प्रभूच्या जयंतीस याहून शोभणारी भेट आम्हांस तरी सुचत नाहीं. मोठ्या माणसांस वस्त्र द्यावयाचें असल्यास वर्ध्याची खादी आहे. मगन संग्रहालय समिती ती नैसर्गिक रंगांत रंगवून तयार करविते. मुलीच्या लग्नाचा किंवा आईवडिलांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवाचा योग असेल, तर नागपूर व भंडारा भागांतील करवत कांठी टसर साडी घ्यावी. करवतीच्या दांतांसारखा तिचा कांठ हातमागावरच विणतात, आणि तिच्या टसराचे कोश ऐन व अर्जुन या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे असतात. ती महाग असते. म्हणून ती आयुष्यांत एकदां द्यावी, पण खरी द्यावी.

फळ द्यावयाचें असेल, तर नाताळांत आंबिया बहाराचें संत्रें हाताशीं असतें. थंड देशांत मुलांच्या मोज्यांत संत्रें ठेवण्याची जुनी रीति आहे, आणि संत निकोलसच्या सोन्याची ती आठवण असें तेथें म्हणतात. त्यांना तें फळ दुर्मिळ होतें. आपल्याकडे त्याच्या राशी पडतात. तें प्लास्टिकच्या पिशवींत न देतां बुरुडानें विणलेल्या करंडींत द्यावें. फळें चार दिवसांत संपतील; करंडी वर्षभर घरांत राहील, आणि बुरुडास मजुरी मिळेल. बांबूच्याच नाजूक वस्तु हव्या असतील, तर मेळघाटांत लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राकडे कोरकू कारागिरांच्या हातच्या वस्तु मिळतात. परगांवच्या आप्तांस पाठविण्यास वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची हळद आणि नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची आहे. दोहोंसही भौगोलिक मानांकन लाभलें आहे.

मुलांसाठीं दूर जाण्याचें कारणच नाहीं. तान्ह्या पोळ्यास आपल्या वैदर्भीय मुलांनीं ओढलेला चाकांचा लांकडी बैल घराघरांत असतो. गव्हाणीच्या देखाव्यांत बैल लागतोच. मग तो बाहेरच्या सांच्यांतून आलेला कां असावा? सुताराकडून नवा बैल करवून मुलास भेट द्यावा, आणि तोच चोवीस डिसेंबरच्या रात्रीं गव्हाणीपाशीं उभा करावा. कुंभारास सांगून मरिया, योसेफ, मेंढपाळ मातीचे करवून घ्यावे. नेपल्सच्या देखाव्यांत मासेवाला उभा राहतो, तर आपल्या देखाव्यांत कापूस वेंचणारी बाई ओटी बांधून कां उभी राहूं नये?

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे किंमत. मागें एका आगमनकाळीं गव्हाणीचें काम सांगण्यास आम्ही एका सुताराकडे गेलों होतों. बोलतां बोलतां तो म्हणाला, “फादर, वखारवाल्यानं लाकडाचा भाव सांगितला की लोक मुकाट्यानं देतात. मी हाताचा भाव सांगितला की हसतात.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, रोजचा अनुभव होता. बंधुभगिनींनो, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस बोंचत राहिली. खोक्यावर छापलेली किंमत आपण वाचतों आणि देतों. माणूस तोंडानें सांगतो ती किंमत मात्र निम्मी करूं पाहतों. जो दुर्बळ त्याच्याशींच घासाघीस करावी, आणि वांचविलेल्या पैशांतून दानपेटींत नाणें टाकावें, हा कोणता धर्म?

मोशेच्या नियमशास्त्रानें गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी अशी आज्ञा केली आहे. १५ मे १८९१ रोजीं परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनीं ‘रेरुम नोवारुम’ हें परिपत्रक काढून सांगितलें कीं, गरजेपायीं कामकऱ्यानें कमी मजुरी पत्करली, तरी तेवढ्यानें ती न्याय्य ठरत नाहीं. काटकसरीनें राहणाऱ्या प्रामाणिक कामकऱ्याचा निर्वाह व्हावा, एवढी ती असली पाहिजे. मे २०२५ मध्यें निवडून आलेल्या परमगुरुस्वामींनीं लिओ चौदावे हें नांव धारण केलें, तें या परिपत्रकाचें स्मरण ठेवूनच. तेव्हां कारागिरास पुरता मोबदला देणें ही दया नव्हे. तें त्याचें घेणें आहे. दया त्यानंतर सुरू होते.

येथें दोन आक्षेप निघतील. पहिला, हातची वस्तु महाग पडते. खरें आहे. त्यावर उपाय एवढाच कीं, दहा भेटींऐवजीं चार द्याव्या. नाताळांत वस्तूंची संख्या मोजण्याची आज्ञा कोणत्याही धर्मग्रंथांत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, बाजारांत ‘हातचें’ म्हणून यंत्राचाच माल गळ्यांत पडतो. हाही खरा. म्हणून वस्त्र घेतांना हातमाग चिन्ह किंवा खादी चिन्ह पाहून घ्यावें. आणि इतर वस्तूंसाठीं सर्वांत खात्रीचें चिन्ह म्हणजे करणाऱ्याचें तोंड. त्याच्या दारीं जाऊन, त्याला काम करतांना पाहून जी वस्तु आणिली, तींत फसगत होत नाहीं.

यावरून आमच्या धर्मग्रामास आम्ही चार विनंत्या करतों. पहिली, काम आगमनकाळाच्या पहिल्या रविवारींच सांगावें आणि विसार द्यावा. ऐन वेळीं सांगून कारागिराची रात्र मोडूं नये. दुसरी, सांगितलेला भाव द्यावा, आणि सर्व पैसे नाताळापूर्वीं चुकते करावे; त्याच्याही घरीं मुलें आहेत. तिसरी, भेटीबरोबर एक चिठ्ठी ठेवावी, आणि तीवर घडविणाऱ्याचें नांव व गांव लिहावें, जसें आपल्या गांवच्या पोथ्यांत लिहिलेलें असतें. ‘ही करंडी अमक्यानें विणली’ एवढी ओळ पुरे. चौथी, नाताळच्या दिवशीं करंज्यांचें एक ताट त्याच्याही घरीं पाठवावें. तो हिंदु असो, मुसलमान असो, बौद्ध असो वा जैन असो. भेट त्याच्या हातून निघाली. तिचा गोडवा त्याच्यापर्यंत परतला पाहिजे.

शेवटीं एक विचार आपणांपुढें ठेवून आम्ही थांबतों. आपला प्रभु नाझरेथ गांवीं सुतार म्हणून ओळखला जात असे. त्याच्या सेवाकार्याची वर्षें थोडीं. त्याआधींचीं बहुतेक वर्षें हातांनीं काम करण्यांत गेलीं. त्या हातांनीं घडलेल्या वस्तु शेजाऱ्यांनींच विकत नेल्या असतील. त्यांपैकीं कोणी भाव पाडला असेल, कोणी पुरता दिला असेल, आणि दोघांसही आपण कोणाशीं व्यवहार करीत आहों याची कल्पना नसेल. आपणांस ती आहे. यापुढें कारंज्याच्या कोणत्याही सुताराच्या, बुरुडाच्या वा कुंभाराच्या दारीं उभे राहतांना ती आपल्या मनांत जागी राहो.

परमदयाळु परमेश्वर या ज्युबिली वर्षांत आपल्या हातांस काम, कामास न्याय्य दाम, आणि घरांस शांति देवो. आपणां सर्वांस येत्या नाताळाचे आशीर्वाद.